ईश्वरकृपा आणि जीवाचा होकार : प्रॉटेस्टंट पंथांतील एका वादाचे परीक्षण

ज्या ज्या शास्त्राने ईश्वर मानला आणि जीवाचे बंधनही मानले, त्या त्या शास्त्राला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. हा बंध तुटतो तो कोणाच्या बळावर? ईश्वराच्या कृपेने तुटतो म्हणावे, तर ज्याचा तुटला नाही त्याच्यावर कृपा का झाली नाही, हे सांगणे प्राप्त होते. जीवाच्या प्रयत्नाने तुटतो म्हणावे, तर ईश्वराचे प्रयोजन काय उरले, असे विचारणारा समोर उभा राहतो. दोहोंच्या मेळाने तुटतो, असे म्हणूनही सुटका होत नाही. कारण त्या मेळात पहिले पाऊल कोणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेत या एका प्रश्नावर पाच शतके वाद चालत आला आहे. त्यासाठी परिषदा भरल्या, मित्र मित्रांपासून तुटले, एका वृद्ध मुत्सद्द्याचा शिरच्छेदही त्या वादाच्या धुमाळीत झाला. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस हे सर्व दूरदेशीचे वाटेल. तथापि विट्याहून सांगली-मिरजेस जाणाऱ्याला हे ठाऊक असावे, की त्या दोन गावी आणि इस्लामपूर, कोल्हापूर, कोडोली येथे ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या याच वादातील एका पक्षाच्या वारसदारांनी उभ्या केल्या. परमताचे परीक्षण करावयाचे तर ते त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मगच करावे, हा आपल्याकडील पूर्वपक्षाचा जुना दंडक आहे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणे यात शास्त्रार्थ नाही.

वादाचे मूळ प्रॉटेस्टंट पंथाहून पुष्कळ प्राचीन आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात पेलाजियस नावाच्या तपस्व्याने असे प्रतिपादिले, की ईश्वराने जी आज्ञा केली ती पाळण्याचे सामर्थ्यही मनुष्यास दिलेच असले पाहिजे. अन्यथा आज्ञा करणे अन्याय्य ठरेल. उत्तर आफ्रिकेतील आचार्य ऑगस्टीन याने त्याचा प्रतिवाद केला. मनुष्याची इच्छाच रोगी झाली आहे, रोगी इच्छेने आरोग्याची निवड करावी असे म्हणणे व्यर्थ होय, ही त्याची भूमिका. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरविले. पुढे हजार वर्षे पंडितांनी दोहोंमधील अनेक मधल्या जागा शोधल्या. त्यांचा विस्तार येथे नको.

१५२४ साली इरॅस्मस या विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि १५२५ साली मार्टिन ल्यूथरने इच्छेच्या दास्यावर ग्रंथ लिहून त्यास उत्तर दिले. या उत्तरात ल्यूथरने एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे. इतर विरोधक पोप, पापमोचनपत्रे अशा वरवरच्या विषयांवर भांडत राहिले. इरॅस्मसने मात्र नेमका मर्मावर हात ठेवला, याबद्दल तो त्याचे आभार मानतो. यावरून ल्यूथरच्या दृष्टीने या प्रश्नाची थोरवी किती होती ते दिसते. पोपची सत्ता हा वादाचा बाह्य भाग होता. मनुष्य आपल्या तारणाकडे स्वतःच्या बळाने एक बोटभरही सरकू शकत नाही, हे त्याच्या मताचे हृदय होते.

जिनीव्हाच्या जॉन कॅल्विनने हेच मत तर्काच्या शेवटापर्यंत नेले. मनुष्य स्वतः वळू शकत नाही. वळतो तो ईश्वराने वळविल्यामुळे. ज्यांना ईश्वर वळवितो त्यांना त्याने सृष्टीपूर्वीच निवडलेले असते. आणि उरलेल्यांना वगळणे हेही त्याच्याच संकल्पात येते. कॅल्विनला स्वतःला हा शेवटचा निष्कर्ष भयंकर वाटत होता व तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. तरी तो मागे हटला नाही. त्याचे धैर्य मान्य करावे की त्याच्या तर्काची कीव करावी, हे ठरविण्याची घाई आपण करू नये.

हॉलंडातील लायडन विद्यापीठात १६०३ पासून अध्यापन करणारा याकोब आर्मिनियस हा कॅल्विनच्याच परंपरेत शिकलेला. त्याला या मताची अडचण जाणवली ती अशी : अशाने पापाचा कर्ता ईश्वरच ठरतो. त्याने कृपेची महती कमी केली नाही. कृपा पहिली, कृपा मधली, कृपा शेवटची, हे त्यास मान्य होते. इतकेच, की कृपा नाकारता येते, असे तो म्हणाला. १६०९ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्याचा निकाल लावण्यासाठी १६१८-१९ साली डोर्ट नगरात परिषद भरली व तिने ती पाचही कलमे फेटाळली. सुमारे दोनशे उपदेशकांना पदच्युत व्हावे लागले. आर्मिनियसच्या पक्षाला आश्रय देणारा, सत्तरी ओलांडलेला मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद करण्यात आला. त्यामागे राजकारण होतेच, पण धर्मवादाची सोबत नसती तर ते इतके धीट झाले नसते. ह्यूगो ग्रोशियस हा विख्यात न्यायशास्त्री जन्मठेपेवर किल्ल्यात कोंडला गेला, आणि १६२१ साली पत्नीच्या युक्तीने ग्रंथांच्या पेटीत दडून निसटला. कृपेच्या स्वरूपाविषयीच्या वादात कृपेचा इतका दुष्काळ पडावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याही देशात शैव-वैष्णवांच्या वादाचा इतिहास काही सर्वत्र सौम्य नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडात हा वाद पुन्हा उफाळला. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघे जिवलग सहकारी, दोघेही उघड्या माळावर हजारोंना उपदेश करणारे. वेस्लीने १७३९ साली एका प्रवचनात पूर्वनिवडीच्या मताचा कडक निषेध केला. व्हाइटफील्डने पत्ररूपाने त्यास उत्तर दिले. आणि मार्ग वेगळे झाले. वेस्लीचे मत असे, की ईश्वर प्रत्येक जीवाला आधी एक पूर्वकृपा देतो. तिच्यामुळे रोगी इच्छा इतकी तरी सावध होते, की ती 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकते. म्हणजे होकाराचे सामर्थ्यही कृपेचेच, होकार मात्र जीवाचा. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा लंडनमधील श्रद्धांजलीचे प्रवचन वेस्लीनेच केले.

या दोन्ही धारा महाराष्ट्रात येऊन पोहोचल्या. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन उपदेशक कॅल्विनच्या परंपरेतले. त्यांच्यातूनच अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन वाढले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, तेही त्याच परंपरेचे. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले आणि १८७० पासून तेथील कार्य अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. सांगली-मिरजेचे काम हे त्याचेच विस्तारलेले अंग, मिरजेचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ चे. वेस्लीची धारा, म्हणजे मेथडिस्ट पंथ, १८७१ च्या सुमारास विल्यम टेलर यांच्या उपदेशाने मुंबईत रुजली.

आता एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. ज्याला तारावयाचे त्याला ईश्वराने आधीच निवडले असेल, तर हजारो कोसांचा समुद्र ओलांडून उपदेशकाने येथे यावे कशासाठी? हा प्रश्न त्यांच्यातही विचारला गेला. विल्यम कॅरी याने १७९२ साली परदेशी धर्मप्रसाराचे आवाहन केले, त्यापूर्वी एका वडील उपदेशकाने त्याला खाली बसावयास सांगितले, ईश्वराला इतर लोकांस वळवायचे असेल तेव्हा तो तुझ्यावाचून वळवील, अशी आख्यायिका आहे. तो कॅरी बसला नाही. पुढे बंगालमध्ये श्रीरामपूर येथून त्याने मराठी व्याकरण व मराठी नवा करार छापला. आपल्या भाषेच्या मुद्रणाच्या इतिहासात त्याचे नाव त्यामुळेच येते. कॅल्विनपंथीयांचे उत्तर असे, की ईश्वराने फळ जसे नेमले तसे साधनही नेमले. उपदेश हे ते साधन. पीक यायचेच असे नेमलेले असले तरी पेरणी त्या नेमण्यातच येते. उत्तर तर्कशुद्ध आहे. आपल्याकडील प्रारब्धवाद्याला पुरुषार्थ का करावा असे विचारले असता तोही हेच उत्तर देतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने कर्मसिद्धांत आणि कॅल्विनचा पूर्वनियोजनवाद यांना जगातील विषमतेच्या मोजक्या सुसंगत उपपत्तींत गणले आहे, ते उगीच नव्हे.

परंतु ऐकणाऱ्याच्या कानाचे काय? ज्या माणसांना पिढ्यान्पिढ्या 'तुझे हीनत्व तुझ्या पूर्वकर्माचे' असे सांगण्यात आले होते, त्यांच्यापुढे हा नवा धर्म आला. त्यांच्या कानी 'तू सृष्टीपूर्वीच निवडला गेलास' हे वचन पडले, तर ते एकाच वेळी मुक्ततेचे आणि जुन्या नशिबाच्या चुलतभावाचे वाटण्यासारखे आहे. फरक इतकाच, की नशिबाने त्यांना खाली लोटले होते, या निवडीने वर घेतले. एवढा फरक तत्त्वज्ञाला लहान वाटतो. ज्याला वर घेतले त्याला तो लहान वाटत नाही.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात राहणाऱ्याला दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. त्या वर्षांत व त्यानंतर नगरकडील अनेक खेड्यांतून मोठ्या संख्येने लोकांनी बाप्तिस्मा घेतला. टीकाकारांनी म्हटले, की हा धर्म अन्नासाठी घेतला, यात स्वतंत्र इच्छा कोठे आहे? खुद्द मिशनऱ्यांतही या विषयी शंका होत्या. येथे एक गंमत दिसते. 'भुकेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नव्हे' असे म्हणणारा टीकाकार नकळत असे धरून चालतो, की पोट भरलेल्या माणसाचा होकार मात्र पूर्ण स्वतंत्र असतो. ल्यूथर त्याला विचारील : तुझा होकार तरी कशाने बांधलेला नाही? कुलाने, सवयीने, मानाने, भीतीने, गर्वाने? भूक ही बंधनांपैकी एक. ती उघड दिसते इतकेच. या ठिकाणी कॅल्विनपक्षाचे बळ मान्य करावेच लागते. स्वातंत्र्य हे काही कोऱ्या पाटीसारखे कोणाजवळही नसते.

पण याच काळातील एका मराठी घराकडे पाहिले असता दुसरा पक्षही तितकाच खरा वाटू लागतो. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास रेल्वेने जात असता एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून हलू शकले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कॅल्विनच्या अनुयायाला याहून मोठे उदाहरण कोणते हवे? ध्यानीमनी नसता कृपेने गाठावे, मुदतही आधीच सांगितली जावी, आणि माणसाने ओढले जावे.

त्याच घरात लक्ष्मीबाई होत्या. पतीच्या धर्मांतराचा आघात त्यांच्यावर केवढा झाला, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. त्या सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळे-ओवळे, पाणी वेगळे, अन्न वेगळे हे सर्व चालू होते. त्यांना कोणी ओढले नाही. जातिभेद कोणी निर्माण केले, देवाने की माणसाने, या प्रश्नावर त्यांनी स्वतःशी विचार केला, एकेक गाठ स्वतः सोडली, आणि शेवटी १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ही बाई ईश्वराने हिसकावून नेली, असे कोणी म्हणू शकणार नाही. ती चालत गेली; आणि वाटेत पुष्कळदा बसली.

दक्षिणेतील श्रीवैष्णवांत या दोन वाटांसाठी मार्जारन्याय व मर्कटन्याय ही नावे आहेत. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावे लागत नाही; माकडीण उडी मारते, पण पिलाने तिला घट्ट धरावे लागते. या भेदावरून तेंकलै व वडकलै अशा दोन शाखा झाल्या. रूडोल्फ ओटो या जर्मन प्रॉटेस्टंट पंडिताला त्यात आपल्याच घरचा वाद दिसला, व १९३० साली त्याने भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. कॅल्विनहून कठोर मतही आपल्याकडे आहे : मध्वाचार्यांच्या द्वैतमतात जीवांचे मुक्तियोग्य, नित्यसंसारी व तमोयोग्य असे स्वभावतःच भेद मानले आहेत. तेव्हा पूर्वनिवडीच्या मताला पाश्चात्यांचे खूळ म्हणून हसण्याची सोय आपल्याला नाही.

टिळक दांपत्याच्या उदाहरणात दोन्ही न्याय एका छताखाली नांदले, असे वरवर दिसते. बारकाईने पाहता हे वर्णन अपुरे आहे. टिळक ओढले गेले म्हणावे, तर ते त्यापूर्वी कित्येक वर्षे नव्या धर्माच्या शोधात होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. पूल एका क्षणात बांधला जात नाही. उलट लक्ष्मीबाई स्वतः चालल्या म्हणावे, तर तो प्रश्न त्यांच्या मनात त्याच दिवशी का उठला, याला त्यांच्याजवळ तरी कोणते उत्तर असणार? पंडिता रमाबाईंचा अनुभवही असाच आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी विचारपूर्वक, वाद घालून बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांनी लिहिले, की त्या वेळी आपणास ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ज्याला त्या आपली निवड समजत होत्या, ते त्यांना नंतर केवळ उंबरठ्यापर्यंतचे चालणे वाटले.

यातून मला जे दिसते ते असे. पुढे पाहणाऱ्याला आपला निर्णय आपल्या हाती आहे असे भासते, आणि भासलेच पाहिजे, नाही तर तो पाऊल उचलणार नाही. मागे वळून पाहणाऱ्याला तेच पाऊल कोणी तरी उचलून घेतल्यासारखे वाटते. कॅल्विनचे मत ही मागे वळून पाहणाऱ्याची कृतज्ञता आहे. ती कृतज्ञता आहे तोवर खरी आहे. तिचा सिद्धांत करून तो पुढे पाहणाऱ्याच्या, विशेषतः अजून न वळलेल्याच्या अंगावर टाकला, की त्यातून क्रौर्य जन्मते.

या क्रौर्याचा सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे मृत बालक. निवडलेले बालक तरते, असे वेस्टमिन्स्टरच्या १६४७ च्या मतपत्रात म्हटले होते. मग न निवडलेले बालकही असू शकते काय? ज्या काळात घरोघरी पाळणे रिकामे होत, त्या काळात हा शब्दच्छल नव्हता. आईने कोणाला विचारावे? अखेर १९०३ साली अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाने, म्हणजे कोल्हापूर-मिरजेचे कार्य चालविणाऱ्या त्याच मंडळाने, आपल्या मतपत्राला खुलासा जोडला, की बालपणी मरण पावलेले कोणीही नाश पावते असा त्या वचनाचा अर्थ घेऊ नये, आणि ईश्वराचा संकल्प सर्व मानवजातीवरील त्याच्या प्रेमाशी सुसंगत असाच समजावा. तर्काच्या दृष्टीने हा खुलासा म्हणजे कॅल्विनच्या भिंतीला पाडलेले दार होय. पंडितांनी पाडले नसते, तर आयांनी पाडले असते.

आता युक्तीकडे वळू. कॅल्विनपक्षाचा सर्वांत मार्मिक समर्थक जोनाथन एडवर्ड्स याने १७५४ साली इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असामर्थ्याचे दोन प्रकार केले आहेत. ज्याला बाहेरून कुलूप घातले आहे तो बाहेर येऊ शकत नाही. आणि दार उघडे असून ज्याला बाहेर यावेसेच वाटत नाही, तोही एका अर्थी येऊ शकत नाही. पहिल्याला दोष देता येत नाही, दुसऱ्याला देता येतो. जीवाचे असामर्थ्य दुसऱ्या प्रकारचे, म्हणून तो बद्धही आणि दोषीही. भेद सूक्ष्म आहे व उपयुक्तही आहे. पण प्रश्न एक पायरी मागे सरकला इतकेच. 'यावेसेच न वाटणे' हे कोठून आले? ख्रिस्ती मताप्रमाणे ईश्वर जीवाला शून्यातून निर्माण करतो. तेव्हा जीवाच्या स्वभावाचा शेवटचा जाब निर्मात्याच्याच दारी जातो, आणि आर्मिनियसची पहिली शंका तशीच उभी राहते.

विट्याच्या परिसरात गलाईचा धंदा घरोघरी परिचित आहे; येथील माणसे सोने-चांदी गाळण्यासाठी भारताच्या कानाकोपऱ्यांतील पेठांत जाऊन राहिली आहेत. मुशीत घातलेले सोने स्वतः शुद्ध होत नाही, गलाईवाला ते शुद्ध करतो, असा दृष्टांत कृपेसाठी सहज सुचतो, आणि कीर्तनातून तो दिलाही जातो. परंतु हा दृष्टांत नेमक्या वादाच्या जागीच लंगडा पडतो. सोने मुशीत जाण्यास नकार देत नाही. जीव देतो.

आपल्या शास्त्राचा संबंध येथे येतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ब्रह्मविद्याशास्त्रात परमेश्वर, देवता, जीव व प्रपंच हे चार पदार्थ भिन्न व अनादी मानले आहेत. जीव बद्धमुक्त, म्हणजे बांधलेला पण सुटण्याजोगा. त्याची अविद्या अनादी आहे. परमेश्वराने ती त्याला चिकटविलेली नाही. त्यामुळे बंधाचे कर्तृत्व परमेश्वराकडे जात नाही, आणि कॅल्विनमतावर जो आरोप सर्वांत जड पडतो तो येथे पडत नाही. तसेच देवतांची उपासना अथवा स्वतःचे कर्म यांनी मोक्ष मिळत नाही, तो परमेश्वराच्याच हाती. इतक्यापुरते आपण ल्यूथरच्या जवळ आहोत. परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे असे आपण म्हणतो, आणि तो कृपेने अवतार धरतो. म्हणजे पहिले पाऊल त्याचेच.

मग अनुसरण, आचार, वैराग्य यांची अपेक्षा का? कॅल्विनचा अनुयायी येथे आपल्याला गाठील : योग्यता पाहून दिलेली ती कृपा नव्हे, मजुरी होय. या आक्षेपाला आर्मिनियसने जे उत्तर दिले ते भिक्षुमार्गातील माणसाला विशेष भावण्यासारखे आहे. धनवान मनुष्य भिकाऱ्याला भिक्षा देतो; भिकारी ती घेण्यासाठी हात पुढे करतो; त्याने हात पुढे केला म्हणून ती भिक्षा न राहता मिळकत झाली काय? भिक्षाटन करणाऱ्या साधकाला याचे उत्तर विचारण्याची गरज नाही. झोळी पसरली म्हणून अन्न आपले होत नाही. झोळी न पसरली तर मात्र अन्न वाढणाऱ्याचा दोष नाही.

यावरही प्रतिपक्ष गप्प बसत नाही, आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. दोघे दारी उभे होते. एकाने हात पसरला, दुसऱ्याने नाही. पहिल्याला पुढे असे वाटल्याशिवाय राहील काय, की 'मी तरी पसरला'? त्या एका 'मी' मध्ये सर्व अहंकार परत आत येतो. या सूक्ष्म अभिमानाच्या भयाने ल्यूथर आणि कॅल्विन यांनी होकारसुद्धा जीवाच्या हातून काढून घेतला. औषध अतिउग्र होते. पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. जुन्या आचारनिष्ठांमध्ये, मग ते कोणत्याही मार्गाचे असोत, हा रोग अनोळखी नाही.

राहता राहिले ते कोडे : एक पसरतो आणि दुसरा का पसरत नाही? लीळाचरित्र वाचताना हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. वादासाठी आलेले म्हाइंभट स्वामींचे होऊन जातात, पुढे त्याच लीळांचे संकलन करतात. आणि त्याच वाटांवर, त्याच गावी, स्वामींचे दर्शन घेऊन, क्षणभर थांबून, आपल्या व्यवहाराला निघून गेलेली माणसे कितीतरी. दोघांनाही सन्निधान लाभले होते. ज्यांनी पाठ फिरविली त्यांना वगळण्याचा संकल्प स्वामींनी केला होता, असे मानण्यास लीळाचरित्रात काही आधार दिसत नाही. त्यांच्या दाराशी तर ते स्वतःच गेले. परंतु त्या जाणाऱ्याला का जावेसे वाटले, हे तो जाणारा सोडून कोणी सांगू शकणार नाही, आणि त्यालाही ते सांगता आले असते असे मला वाटत नाही. वेस्लीचे मत या ठिकाणी मला अधिक ग्राह्य वाटते. निदान त्यात होकाराचे श्रेय जीवाकडे जात नाही, नकाराचा भार मात्र त्याच्यावर राहतो. हे विषम आहे, हे खरे. ज्याला तराजूची दोन्ही पारडी समान हवीत त्याचे यात समाधान होणार नाही. परंतु अनुभवही असाच विषम आहे : आपल्या नकाराची कारणे आपल्याला पुष्कळ सांगता येतात, होकाराचे कारण विचारले की वाणी अडते.

'माझे मन वळत नाही. हा दोष माझा, की त्याची इच्छाच नाही?' असे विचारणारे साधक प्रत्येक मार्गात भेटतात. अशाला पूर्वनिवडीचा सिद्धांत ऐकविणारा उपदेशक क्वचितच आढळेल, मग त्याच्या मतपत्रात तो असो. कॅल्विन व वेस्ली दोघांचेही अनुयायी त्याला एकच गोष्ट सांगतील, की माग. पण मागणे म्हणजे होकाराचा आरंभ झालेला असणे. म्हणून त्या प्रश्नकर्त्याचे न वळलेपण तो समजतो तितके पुरते नसते. 'मन वळत नाही' याची खंत ज्याला वाटते, त्याच्या मनाचा एक कोपरा तरी वळलेला आहे. ज्याला ती खंत वाटतच नाही, तो हा प्रश्न विचारावयास येत नाही; आणि अवघड काम त्याच्यापाशी आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी, अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि आणखी दोन मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची एकच मंडळी स्थापन झाली. व्हाइटफील्डच्या मृत्यूनंतर वेस्लीने केलेल्या त्या प्रवचनाला त्याच महिन्यात दोनशे वर्षे झाली होती. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र अखेरच्या वेळी या ऐक्यातून बाहेर राहिली, व १९८१ पासून ती स्वतंत्र नावाने नांदते. कृपेच्या प्रश्नावर कोण बरोबर, याचा निर्णय त्या ऐक्याने दिला नाही, मागितलाही नाही. दोन्हीकडच्या मराठी उपासनांत नारायण वामन टिळकांची पदे गायिली जातात.